आजोबा मान का वळवायचे

सई, नील, तुमच्या आजोबांची बातमी तुम्हाला मी दिली नाही, तुमच्या बाबाने, मंदारने दिली. मी तेव्हा त्यांच्या उशाशी बसले होते. शेजारच्या बायकांपैकी कुणीतरी माझ्या हातात फोन दिला आणि मी मंदारला एवढंच म्हणाले, "बाबा गेले रे." आमच्याकडे सकाळ होती, तुमच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. त्याच्यामागे भांड्यांचा आवाज येत होता, नील कशावर तरी मोठमोठ्याने हसत होता... आणि मग ते हसणं एकदम थांबलं. बातमी तुमच्यापर्यंत पोचली ती मला अशी कळली.

मंदार एकटाच येऊ शकला आणि दिवसकार्य उरकून परत गेला. त्यानंतरच्या आठवड्यात सईचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आजी, खरं सांगशील? आजोबा आमच्यावर रागावले होते का? मधे किती दिवस ते आमच्याकडे बघतच नव्हते. आपण बोलायला लागलो की कपाटाकडे बघत बसायचे." मी म्हणाले, "नाही गं, रागावले नव्हते." पण एवढ्याने तिचं समाधान झालं नाही, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देऊन सुटू नये, असं मुलांना सांगत आले. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून आधी इंग्रजीत सुरुवात केली, पण इंग्रजीत ते मला कुणा दुसऱ्याच्या घरचे गृहस्थ वाटायला लागले. तो कागद बाजूला ठेवला. हे मराठीत आहे, बाबा तुम्हाला वाचून दाखवील. आणि वर्तमानपत्राच्या या पुरवणीत अशासाठी देते आहे की ज्यांची नातवंडं फक्त पडद्यावर भेटतात अशी घरं आता आमच्या सिडको वसाहतीत गल्लोगल्ली आहेत. त्यांनीही वाचावं.

आजोबा मूळचे पाचोडचे. घरी शेती, भाऊ शेतात, आणि हे एकटे तारा जोडत बसणारे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ते शहराबाहेरच्या एका टीव्हीच्या कारखान्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. तयार झालेला टीव्ही दुकानात जाण्याआधी चालू करून तपासायचा आणि बंद निघाला तर का बंद आहे ते शोधायचं, हे त्यांच्या विभागाचं काम. तिथे एक रीत होती. बंद पडलेल्या टीव्हीचा काळा पडदा उजळला की समोर बसलेल्याने ओरडायचं, "उजाडलं!" ओळीतल्या शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं पाहिजे. ती रीत ते घरी घेऊन आले. वीज जाऊन आली आणि टीव्ही सुरू झाला की स्वयंपाकघरापर्यंत आरोळी यायची. तुमचा बाबा लहान असताना तर त्या दोघांची शर्यतच लागायची, आधी कोण ओरडतो याची. लग्नानंतर सुरुवातीला मला ते फार गावंढळ वाटायचं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, आवाज चढवून बोलायची आमच्या घरी पद्धत नव्हती. ते मला मुद्दाम विचारायचे, "मॅडम, तुमच्या इंग्रजीत ह्याला काय म्हणत्यात?" मी म्हणायचे, "इट इज वर्किंग." "हात्तिच्या! लईच सपक की."

मला 'मॅडम' ते चिडवण्यासाठी म्हणत. शहरात इतकी वर्षं काढूनही बोलणं पाचोडचंच राहिलं. साहेबांशी इंग्रजीत, दुकानदाराशी हिंदीत आणि माझ्याशी त्यांच्या आईच्या भाषेत, अशी त्यांनी वाटणी केलेली होती. तुम्ही सुट्टीला यायचात तेव्हा तुम्हाला ते अर्धंच कळायचं आणि तुम्ही उरलेलं हसण्यावारी न्यायचात.

आता डोळ्यांचं सांगते. एका संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुझं नाक दिसंना मला."

"म्हणजे?"

"कान दिसायलेत. कानातले दिसायलेत. मधलं नाय. जुन्या पिक्चर ट्यूबला मधोमध डाग पडतो ना, तसं."

मी हसले. मला थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्यांनी आरशातल्या स्वतःकडे न बघता दाराच्या चौकटीकडे बघितलेलं मी पाहिलं, आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. एका डोळ्याचा जवळजवळ गेलाच होता, दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या भरवशावर त्यांना ते कळलं नव्हतं. आता दुसराही त्याच वाटेवर होता. इंजेक्शनं देऊन जे उरलंय ते काही काळ राखता येईल, गेलेलं परत येणार नाही. "कडेचं दिसत राहील, काका. कडेने बघायला शिका," त्या म्हणाल्या. शिवाय चांगल्या डोळ्यात कधी अचानक रक्त उतरू शकतं, तसं काही वाटलं तर त्याच दिवशी या, असंही बजावलं.

ते शिकले. जे बघायचं असेल त्याच्यापासून नजर थोडी दूर न्यायची, म्हणजे ते कडेला येतं आणि दिसतं. कपात चहा ओतायचा तर भिंतीकडे बघायचं. पेपरचा मथळा वाचायचा तर पेपरच्या बाहेर, टेबलाच्या कडेकडे बघायचं. आणि माझा चेहरा बघायचा तर घड्याळाकडे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपल्याकडे बघण्यासाठी नवऱ्याने घड्याळाकडे मान वळवावी, याची सवय व्हायला मला वेळ लागला. घरी आलेल्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. मला कळायचं, आता ते नीट बघतायत.

सई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. रविवारी सकाळी तुम्ही पडद्यावर यायचात, आणि आजोबा मान वळवून कपाटाकडे बघायचे. कपाटाकडे बघितलं की तुम्ही त्यांना दिसायचात. तुम्ही म्हणायचात, "आजोबा, इकडे बघा ना, इकडे!" मग तुमच्या समाधानासाठी ते मान सरळ करायचे, आणि त्याच क्षणी तुमचे चेहरे पुसले जायचे. थोड्या वेळाने ते परत कपाटाकडे वळायचे. तुम्ही आपसात काहीतरी पुटपुटायचात, जरा हिरमुसायचात. मी शेजारी बसून हे सगळं बघायचे.

तुम्हाला का सांगितलं नाही? तर त्यांनी सांगू नको म्हटलं आणि मी सांगितलं नाही. त्याचं मला वाईटही वाटत नाही, तो त्यांचा डोळा होता. "मंदारला कळलं की पहिल्या विमानानं यील," ते म्हणायचे. "घर विकायला लावील आणि तिकडं नेऊन बसवील. तिथं मी काय करू? आंधळ्याला काय, कोणता का देश असंना, असं वाटत असंल तुला. उलट हाय. आंधळ्याला आपलंच घर लागतं. ते पायाला पाठ असतंय."

तुम्ही ज्या मॉनिटरवर दिसायचात तो आतल्या खोलीत टेबलावर असे. तुमच्या बाबाने परदेशी जाताना आमच्यासाठी मांडून दिलेला, चांगला रुंद, डोक्यावर कॅमेरा बसवलेला. त्यावर तुमचे चेहरे ताटाएवढे यायचे. ताटाएवढा चेहरा त्यांना कडेने ओळखता यायचा. कोण हसतंय, कुणाचे केस वाढलेत, एवढं कळायचं. फोनवर तुम्ही नखाएवढे, तिथे काहीच कळायचं नाही. आणि ऐन वैशाखात तो मॉनिटर बंद पडला. बटण दाबलं तर पडदा काळाच. बटणापाशी जो बारीक निळा दिवा लागायचा तोही लागेना. त्या रविवारी आपण फोनवर बोललो. मी फोन त्यांच्यासमोर धरला, त्यांनी तो हातात घेतला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला आणि मला परत दिला. तुम्हाला बहुतेक त्यांचा कानच दिसला असेल. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "उरलेली नजर किती दिवसांची हाय कोण जाणे. ती फोनमधी वाया घालवायची नाय. मला पोरं बघून घ्यायचीत."

मंदार म्हणाला, "बाबा, मी इथून ऑर्डर टाकतो, दोन दिवसांत नवीन येईल घरी." त्याला आजोबा नको म्हणाले. मी चिडले. ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांचे पडदे उजाडले, आन् घरचा एक बंद पडला म्हणून इकत आणू व्हय?"

"अहो, पण तुम्हाला स्क्रू दिसत नाही!"

"तुला दिसतो ना? मग झालं तर."

अशी मी वयाच्या या टप्प्यावर मेकॅनिक झाले. त्यांचा पहिला नियम, आधी भिंतीवर संशय घ्यायचा, मग वायरवर, मग मॉनिटरवर. त्याच सॉकेटला मी मिक्सर लावला. त्यात सकाळची अर्धी वाटलेली चटणी होती, तो दणदणीत फिरला. भिंत निर्दोष. दुसरी वायर लावून बघितली, फरक नाही. मग वायर काढून, बटण थोडा वेळ दाबून धरून आतली उरलेली वीज जमेल तेवढी निघू दिली, आणि जेवणाच्या टेबलावर गोधडी अंथरून मॉनिटर त्यावर ठेवला. "पालथा घाल. हळू. बाळाला घालत्यात तसा." त्यावर मी विणलेलं झाकण असायचं, धूळ बसू नये म्हणून. ते काढताना आजोबांनी चाचपून बघितलं. "ह्याच्या मागच्या जाळीवर पण हे यायचं?"

"थोडं यायचं."

"आपल्या गावच्या उन्हाळ्यात स्वेटर घातल्यावर कुणाचं पोट फुगणार नाय?"

झाकणामुळे मॉनिटर तापून बिघडला, हे कारण मला आजही पटलेलं नाही. असो. स्क्रू हरवू नयेत म्हणून मी जुना मसाल्याचा डबा घेतला, प्रत्येक वाटीत एका मापाचे. एका वाटीत तळाला थोडी हळद राहिली होती. आजोबांनी त्यातला स्क्रू बोटांनी घोळवला, वास घेतला आणि म्हणाले, "हळद लागली. आता लग्न लावूनच पाठवावा लागतोय." किती दिवसांनी ते असे हसले होते... मॉनिटरची चौकट उघडायला माझं कॉलेजचं जुनं ओळखपत्र कामी आलं. ते फटीत घालून सरकवत न्यायचं. कट् कट् आवाज झाला की माझा हात थांबायचा. "घाबरू नको, ते खटके हायत. मोडला तर एखादा मोडू दे."

मागचा पत्रा निघाला आणि आत सर्किटची हिरवी पाटी दिसली. तिच्यावर वीज साठवून ठेवणारा एक मोठा काळा कंडेन्सर होता, आपल्या पंख्यात असतो त्या जातीचा. मी बोट पुढे केलं तर त्यांनी बांगड्यांच्या आवाजाच्या अंदाजानेच माझं मनगट धरलं. "त्याला हात नको. तो मेल्यावर पण चावतो." मग दोन वायरी लावलेला जुना बल्ब आणून त्यांनी मला त्याच्या दोन पायांना तो टेकवायला लावला. बल्ब क्षणभर उजळला आणि विझला. "आता मेला," ते म्हणाले.

मग त्यांनी अंगठा फिरवायला सुरुवात केली. छोटे कंडेन्सर ओळीने उभे होते. चांगला असेल त्याचा माथा सपाट, बिघडला असेल त्याचा फुगलेला. कणीस भरलंय का ते चाचपावं तसे ते एकेकावरून गेले. मान दाराकडे, अंगठा पाटीवर. एकावर थांबले. "हा. आणि हा त्याच्या शेजारचा. बघ बरं भिंगातनं." मी भिंग लावलं. दोघांचे माथे फुगलेले होते, एकाच्या बुडाशी तपकिरी डिंकासारखं काही सुकलं होतं. "वरचे आकडे वाच." मी वाचले. "हे नवीन आणायचे. तेवढ्याच मापाचे. चल, गुलमंडीला जाऊ."

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या वर, रफीकभाईंचं सुट्या भागांचं दुकान आहे. आजोबा तिथे तरुणपणापासून जायचे. रफीकभाई आता स्वतः पांढऱ्या दाढीचे. "अरे साब! कित्ते दिनों बाद! मैं समझा आप लोगां अमेरिका चले गये."

"अभी नक्को. पहले ये दो कंडेन्सर दे."

"काइकू बनाते साब? नया ले लो ना. आजकल कोई नै बनाता."

"सब नया लेंगे तो तू क्या करेगा? नीचे साडियां बेचेगा?"

दोघे हसले. पण कंडेन्सर काउंटरवर ठेवल्यावर आजोबांनी भिंतीकडे बघत हात पुढे केला आणि तो दोनदा रिकाम्या जागी पडला, तेव्हा रफीकभाईंचं हसणं ओसरलं. त्यांनी ती पुडी आजोबांच्या तळहातावर ठेवून त्यांची मूठ मिटवली. मला जिन्यापाशी हळू आवाजात म्हणाले, "भाभी, साब का हात पकडके उतरना. आखरी सीढी टूटी है." तेवढंच.

त्यानंतरच्या दिवसांत मला एक गोष्ट जाणवली, पण तिचा अर्थ लागला नाही. आजोबा माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघेनासे झाले. समोर जिकडे मान असेल तिकडेच ठेवून बोलायचे. मला वाटलं थकलेत. गुलमंडीचा जिना, उन्हाचा तडाखा, झोप नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काय नाय. काम संपव आधी."

काम म्हणजे सोल्डरिंग. ते मी करायचं होतं. त्यांनी माझ्यामागे उभं राहून माझं मनगट धरलं. जुने दोन काढले, नवे बसवायची वेळ आली. "ह्याच्या अंगावर एका बाजूला पट्टी असती. कोणत्या बाजूला धरलीस?"

"माझ्या बाजूला."

"मग उलटा लावायलीस. फिरव. उलटा लागला तर तोंडावर फुटंल."

त्यांना पाटीवरची ती जागा बोटांनी पाठ झाली होती. मी तार टेकवली, धूर आला, चांदीसारखा थेंब पडला. "केवढा थेंब पडला?"

"तांदळाएवढा."

"बेस. हरभऱ्याएवढा पडला तर काढून टाक." असे चार थेंब आम्ही टाकले. नंतर ते बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "डिप्लोमा दिला तुला."

दुपार होती. आतल्या खोलीच्या खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलेलं. मी मॉनिटर परत उभा केला, स्क्रू हळदीसकट लावले, वायर जोडली. आजोबा समोरच्या खुर्चीत, पडद्यापासून हातभर अंतरावर. मी बटण दाबलं. निळा दिवा लागला. मग पडद्यात हललं काहीतरी, आणि तो पूर्ण उजळला, निळा, स्वच्छ, त्यांच्या सदऱ्यावर त्याचा उजेड पडला.

मी वाट बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडतील.

ते पडद्याकडे सरळ बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "वायर नीट बसली का बघ बरं. कधी कधी ढिली ऱ्हाती."

मी पलंगावर बसले. तरी बोलले, जेवढं जमेल तेवढं मोठ्याने, "उजाडलं."

त्यांनी हात पुढे केला, पडद्याला बोटं टेकवली, ऊब लागते का ते बघत. "व्हय," म्हणाले. "उजाडलं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"गुलमंडीवरनं आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. उठलो तर डोळ्यापुढं लाल. मग काळं. उजेड कळतोय, खिडकी कुठंय ते कळतं. बाकी नाय."

"आणि मला सांगितलं नाहीत? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, त्याच दिवशी या..."

"तुला सांगितलं असतं तर तू हे हातातलं टाकलं असतंस."

मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात भांडले नव्हते इतकी भांडले. ते ऐकून घेत बसले. लगेच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, बराच वेळ तपासलं, आणि खुर्ची आमच्याकडे वळवून सांगितलं की चांगल्या डोळ्यात रक्त पसरलं आहे, ऑपरेशन करून फारसं काही हाती लागेल असं वाटत नाही, आणि त्यांच्या कमजोर हृदयाला ते झेपेल याची खात्री नाही. आधी आलो असतो तर काही झालं असतं का, हे मी विचारलं नाही. येताना रिक्षात मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं की तुम्हाला काही दिसणार नाही. मग तो मॉनिटर कशासाठी लावून घेतलात माझ्याकडून?"

रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून ते माझ्याकडे झुकले. "आता आपल्या घरात बघणारी एकच ऱ्हायली. तिच्याफुडं नखाएवढी पोरं ठेवू व्हय?"

पुढचा रविवार तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला तो आनंदाचा म्हणून आठवत असेल. मॉनिटर सुरू झाल्याचं बाबाने तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही टाळ्या वाजवत आलात. आजोबा धुतलेला सदरा घालून माझ्या शेजारी बसले होते. आता कपाटाकडे मान वळवून काही मिळणार नव्हतं. म्हणून त्यांनी विचारलं होतं, "कॅमेरा कुठंशी हाय?" आणि मी त्यांचं बोट तिथे नेऊन टेकवलं होतं. ते नेमके त्या दिशेला तोंड करून बसले. नील ओरडला, "आजी! आज आजोबा आमच्याकडे बघतायत! डायरेक्ट!" सई म्हणाली, "आजोबा, मी कशी दिसते सांगा."

मी ओठ न हलवता म्हणाले, "केस कापलेत. खांद्यापर्यंत."

"केस कापलेस व्हय गं?" आजोबा म्हणाले. "बरं केलंस. मान मोकळी झाली."

सई, तू इतकी हसलीस... त्या दिवशी तुम्ही दोघं जितका वेळ बसलात तितके कधी बसला नव्हतात. नीलने पडलेला दात दाखवला, शाळेतल्या मुलांची नक्कल केली. तुम्हाला वाटलं आजोबांचा राग गेला. ज्या दिवशी त्यांना तुम्ही अजिबात दिसला नाहीत त्या दिवशी तुम्हाला वाटलं की ते तुमच्याकडे बघतायत. तुम्ही गेल्यावर त्यांनी विचारलं, "खूश व्हती ना पोरं?" मी हो म्हणाले. "मग झालं," म्हणाले, आणि उठले नाहीत. जेवायला बोलावलं तरी बराच वेळ त्या खुर्चीतच होते.

त्यानंतर प्रत्येक रविवारी असंच चालायचं. मी हळू आवाजात सांगायचे, ते ऐकून तुमच्याशी बोलायचे. माझं सांगणं त्यांना पसंत नसे. "'छान दिसतेय' म्हणू नको. छान म्हंजे मला काय दिसतंय? रंग सांग. डावीकडनं सुरू कर. कोण कुठं बसलंय, अंगात काय हाय, तोंड कसं हाय, मागं काय दिसायलंय." मी इतकी वर्षं मुलांना निबंध लिहायला शिकवले, पण इतक्या सक्तीने कुणी माझ्याकडून वर्णन करून घेतलं नव्हतं. एखादा रविवार चुकला तर आठवडाभर ते आधीच्या रविवारचंच परत विचारायचे. नीलचा शर्ट चौकटीचा होता की रेघांचा. सई हसताना डोळे मिटते का अजून. मला आठवलं नाही तर रागवायचे. संध्याकाळ झाली की ओसरीत बसून राहायचे, दिवा लावला का हे विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. श्रावणात एका पहाटे त्यांनी छातीत दुखतंय म्हणून मला उठवलं, आणि डॉक्टर घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटचं काही बोलले का, असं लोक विचारतात. पाणी मागितलं. बाकी काही नाही.

मंदारला हे मी दिवसकार्य झाल्यावर सांगितलं. तो अंगणात जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, "आई, पोरांना तूच सांग. माझ्याने नाही होणार."

आता रविवारी मी एकटी मॉनिटरसमोर बसते. गेल्या वेळी नील मला म्हणाला, "आजी, तू तोंडातल्या तोंडात काय बोलत असतेस? जप करतेस का?" मी हो म्हणाले. तो जप नाही, बाळा. शेजारची खुर्ची मी काढलेली नाही, आणि तुम्ही आलात की माझे ओठ आपोआप सुरू होतात. डावीकडे सई. राखाडी स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. डोळे सुजलेत, झोप झालेली नाही. उजवीकडे नील. पिवळा टी-शर्ट, गळ्यापाशी डाग. नवा दात अर्धा आलाय. मागे खिडकी. खिडकीत अंधार.